पाकीट, टॉवेल आणि 'थप्प': जुन्या स्नेअरचा तो जाड आवाज आला कुठून?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' बरेच कमी केलेत, सगळे नाही.)

आज हेडफोन लावून वाचा. म्हणजे वाचता वाचता गाणी ऐकता येतील.

तुमच्यापैकी ज्यांनी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर एकदा तरी बीट बनवून बघितलाय, त्यांना हे माहीत असेल. ड्रमच्या आवाजांची यादी उघडली की 'व्हिंटेज फॅट स्नेअर', 'सेव्हन्टीज डेड स्नेअर', 'मेम्फिस ड्राय' असली नावं दिसतात. एक टॅप केला की 'थप्प'. भरदार, बुटका, कोरडा आवाज. मागे कसलीही 'टण्ण' नाही. उशीवर कुणी फटका मारावा, पण त्या उशीत थोडी वाळू भरलेली असावी, तसा काहीसा.

मी दिवसभर कोड लिहितो आणि रात्री असले बीट्स जोडत बसतो. कुठल्याही अॅपमध्ये एखादं बटण दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो तो हा: या बटणामागे आधी काय होतं? बटण यायच्या आधी हे काम कोण करायचं, आणि कशाने? या बटणामागे एक पाकीट निघालं, स्वयंपाकघरातले टॉवेल निघाले आणि काही अशी माणसं निघाली, ज्यांची नावं त्या काळच्या रेकॉर्डवर छापलीच गेली नव्हती.

आधी वाद्य समजून घेऊ

स्नेअर ड्रम म्हणजे ड्रमसेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध असतो तो चपटा ड्रम. व्यास बहुतेक वेळा १४ इंच, खोली साधारण ५ ते साडेसहा इंच. त्याला वर एक पडदा आणि खाली एक पडदा असतो. ड्रमवाले याला 'हेड' म्हणतात. खालच्या हेडला बारीक स्प्रिंगसारख्या तारांचा पट्टा टेकलेला असतो, साधारणपणे २० तारांचा. वर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचं हेड हलतं आणि तारा त्याच्यावर आपटून 'छर्र' करतात. या तारा म्हणजेच 'स्नेअर'. लग्नाच्या वरातीत बँडवाला गळ्यात अडकवून जो साइड ड्रम वाजवतो, तो याचाच भाऊ. दोघांचं मूळ युरोपातल्या लष्करी ढोलात आहे.

लष्करात हा ड्रम घट्ट ताणलेला असायचा, कारण आवाज मैदानाच्या पलीकडे जायला हवा. तिथे कडक 'टट्' लागतो. जाड 'थप्प' ही स्टुडिओची गरज आहे. मायक्रोफोन हातभर अंतरावर आल्यावर निर्माण झालेली.

'टण्ण' कुठून येते?

गिटारची तार छेडली तर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात, म्हणून ती कानाला सुरात वाटते. गोल पडद्याचं तसं नसतं. पडद्याचा मूळ स्वर १ धरला, तर पुढचे स्वर साधारण १.५९, २.१४, २.३० असे येतात. कुणाचा कुणाशी मेळ नाही. हीच ती टण्ण.

आपल्याकडे हा प्रश्न फार सुंदर पद्धतीने सोडवला गेलाय. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर शाई लावून पडद्याचं वजन असं वाटलं जातं की उपस्वर जवळजवळ सुरात बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात यावर लिहिलं होतं. हो, तेच नोबेलवाले रामन.

स्नेअरवाल्यांना सूर नकोच होता, म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. बेसूर उपस्वर सुरात आणायचे नाहीत, त्यांना गप्प बसवायचं. याला म्हणतात मफलिंग.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हे त्रासदायक उपस्वर पडद्याच्या मध्यभागी जवळपास नसतातच, ते कडेच्या भागात नाचतात. म्हणून बरोबर मध्यावर मारलं तर आवाज कोरडा येतो, कडेला मारलं तर टण्ण वाढते. आणि म्हणूनच कडेला काहीतरी ठेवलं की टण्ण मरते, पण मधला दणका बराचसा जिवंत राहतो.

(भागात इथे मी दोन्ही फटके एकापाठोपाठ ऐकवले होते. घरी पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजवून बघा, फरक कळेल.)

कातड्याचा काळ

१९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ड्रमवर वासराचं कातडं असायचं. कातड्याचा आवाज मुळातच मऊ आणि उबदार. पण हवेत ओल आली की ते सैल पडायचं आणि कोरडी हवा लागली की ताणायचं. आपल्याकडे हलगीवाले वाजवण्याआधी हलगी जाळावर का शेकतात, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मग ड्युपाँट कंपनीची मायलार नावाची पॉलिएस्टर फिल्म आली आणि तिचे ड्रमहेड बनू लागले. १९५७ मध्ये अमेरिकेत रेमो बेली याने आपली 'रेमो' कंपनी काढली आणि काही वर्षांत प्लास्टिकचे हेड जगभर पसरले. पाऊस असो वा ऊन, ताण तोच. फुटायचेही कमी. रॉक अँड रोलच्या जोरकस वाजवण्याला हे हेड टिकले.

पण प्लास्टिकसोबत टण्णही आली. ते जास्त झणझणतं, जास्त वेळ झणझणतं. मला वाटतं, 'जुना जाड आवाज' म्हणून आपण जे शोधतो, त्याचा मोठा भाग म्हणजे प्लास्टिककडून पुन्हा कातड्यासारखं काम करून घ्यायची धडपड आहे.

ड्रम कंपन्यांनी त्यावर एक सोय दिली होती. ड्रमच्या आत फेल्टची छोटी गादी आणि बाहेर एक गोल खुंटी. खुंटी फिरवली की गादी वरच्या हेडला खालून टेकते. पण काठी हेडला खाली ढकलते आणि गादी वर ढकलते, म्हणून बऱ्याच ड्रमर्सना ती गुदमरवणारी वाटायची. त्यांनी वरून ठेवायच्या गोष्टी शोधल्या. जे खिशात असेल ते.

मेम्फिस: खिशातलं पाकीट

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर. १९६० मध्ये स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक जुनं थिएटर भाड्याने घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवली. या स्टुडिओचा घरचा बँड म्हणजे बुकर टी अँड द एमजीज. वर्णभेदाच्या काळात, दक्षिणेतल्या शहरात, काळे आणि गोरे वादक एकत्र बसलेला बँड. ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर.

अल जॅक्सन फार कमी वाजवायचा. त्याच्या वाजवण्यात फुशारकी नाही, भरगच्च फिरकी नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, आणि ती अशी की घड्याळ लावून घ्यावं. ड्रमवाल्यांच्या पिढ्यांत त्याची एक गोष्ट सांगितली जाते: तो खिशातलं पाकीट काढून स्नेअरवर ठेवायचा. चामड्याचं, जरा जाडसर पाकीट हेडच्या कडेला. झालं मफलिंग.

पाकिटात एक हुशारी आहे, आणि ती माझ्या इंजिनिअर डोक्याला फार आवडते. टेपने चिकटवलेली वस्तू हेडला कायम धरून ठेवते. सुटं पाकीट फटका बसताक्षणी किंचित उडतं, हेडला क्षणभर मोकळं सोडतं आणि मग परत बसून उरलेला आवाज गिळतं. म्हणजे 'थ' पूर्ण येतो आणि 'प्प'नंतर शांतता. आज सॉफ्टवेअरमध्ये आपण 'गेट' नावाचं जे फंक्शन लावतो, तेच काम इथे एक पाकीट करत होतं, वीज न वापरता.

अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' ऐका, १९७१चं. तेही मेम्फिसमध्येच, रॉयल स्टुडिओत, विली मिचेलच्या देखरेखीखाली झालं. अल ग्रीन आणि मिचेलसोबत त्या गाण्याच्या लेखकांत अल जॅक्सनचंही नाव आहे. ड्रमरचं नाव गाण्याच्या लेखकांत येणं ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट. स्नेअर ऐका: बुटकी, गोल, खोलीच्या मऊपणात बुडालेली. गायक कुजबुजतो तेव्हा ड्रम त्याच्या अंगावर येत नाही. हा आवाज गायकाला जागा देण्यासाठी बनलाय.

१९७५ मध्ये अल जॅक्सनचा त्याच्या घरी गोळी झाडून खून झाला. वय फक्त ३९.

लंडन: स्वयंपाकघरातले टॉवेल

आता समुद्रापार. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हन शोवर आले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि रिंगो स्टारच्या ड्रमवरचं 'लुडविग' हे नावही पाहिलं. शिकागोच्या लुडविग कारखान्याला त्यानंतर मागणी पुरवता पुरवेना. रिंगोची स्नेअर म्हणजे लुडविगची 'जॅझ फेस्टिव्हल', १४ बाय साडेपाच इंच, लाकडी.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तेव्हा नियम कडक होते. माइक ड्रमपासून किती लांब हवा हेही ठरलेलं. एप्रिल १९६६ मध्ये 'रिव्हॉल्वर' अल्बमचं काम सुरू झालं तेव्हा इंजिनिअरच्या खुर्चीत जेफ एमरिक बसला. वय वर्षं २०. म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा पोरगा. त्याने माइक ड्रमच्या अगदी जवळ नेला, बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि आवाज फेअरचाइल्डच्या कंप्रेसरमधून दाबून काढला.

पुढच्या काही वर्षांत रिंगोच्या स्नेअरवर आणि टॉमवर चक्क भांडी पुसायचे टॉवेल पसरलेले दिसू लागले. जानेवारी १९६९ची दृश्यं पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक' या माहितीपटात आहेत. रिंगोच्या ड्रमकडे नीट बघा, टॉवेल दिसतील. त्याच वर्षीच्या 'अॅबी रोड' अल्बममधलं 'कम टुगेदर' ऐकलं की टॉवेलचा आवाज म्हणजे काय ते कळतं. ड्रम जणू तुमच्या कानाशेजारी, गालिच्यावर ठेवलाय.

मेम्फिसमध्ये पाकीट, लंडनमध्ये टॉवेल. दोन्हीकडे एकच प्रश्न: माइक जवळ आला, आता ही टण्ण लपवायची कुठे?

सत्तरचं दशक: सगळंच मऊ

१९७०च्या दशकात ८ आणि १६ ट्रॅकच्या टेप मशीन रुळल्या. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेता येऊ लागलं. मग एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना गालिचे लागले आणि ड्रमरला छोट्या बंद खोलीत बसवलं गेलं. एव्हान्स कंपनीने दोन थरांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असलेला 'हायड्रॉलिक' हेड काढला. म्हणजे टॉवेल आता कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. फ्लीटवूड मॅकचं 'ड्रीम्स' (१९७७) हा या आवाजाचा उत्तम नमुना.

याच काळात उलटं उदाहरणही आहे. १९७१च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मध्ये लेड झेपेलिनच्या जॉन बोनमचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या दालनात वाजले आणि माइक वर जिन्यात टांगलेले होते. तिथे जाडपणा घराच्या भिंतींनी दिला. म्हणजे जाड आवाजाचे दोन रस्ते: एक मोठ्या खोलीतून, एक खिशातल्या पाकिटातून. आपण आज दुसऱ्या रस्त्यावर आहोत, कारण हेडली ग्रेंज आपल्याकडे नाही. रुमाल आहे.

हा आवाज स्वतः काढायचा तर

पुण्यात तासावर मिळणाऱ्या प्रॅक्टिस रूममध्ये जाऊन मी हे करून बघितलंय. साधी स्टीलची स्नेअर, फोनवर रेकॉर्डिंग. क्रम असा:

१. खालचं हेड घट्ट. हे फार पातळ असतं, नेहमीचं ३ मिल म्हणजे एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ते ताठ असलं की तारा चटकन प्रतिसाद देतात. बरेच जण जाड आवाजासाठी दोन्ही हेड सैल करतात आणि मग चिखलात पाय आपटल्यासारखा आवाज येतो.

२. वरचं हेड सैल. पांढरं, खरखरीत कोटिंग असलेलं हेड घ्या, शक्यतो दोन थरांचं. सगळे स्क्रू हाताने घट्ट करा, मग चावीने समोरासमोरच्या जोड्यांनी थोडं थोडं फिरवा. हेडवरच्या सुरकुत्या जाईपर्यंत, आणि त्यापुढे अगदी थोडं. पुस्तकी गणितात पडद्याचा स्वर ताणाच्या वर्गमुळावर चालतो. म्हणजे स्वर निम्मा करायचा तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. म्हणूनच 'थोडं सैल केलं पण फरक नाही' असं होतं. बिनधास्त सैल करा.

३. एक स्क्रू अजून सैल. कडेचा एखादा स्क्रू जवळपास मोकळा सोडला की पडद्याचा ताण असमान होतो आणि टण्ण एका जागी टिकत नाही. हा जुना स्टुडिओतला उपाय आहे, फुकट आहे.

४. मग मफलिंग, आणि तेही कमीतकमी. घडी केलेला टिश्यू पेपर आणि कडेला एक टेपची पट्टी, इथून सुरुवात. कमी पडलं तर पाकीट. अजून कमी पडलं तर जुन्या फुटक्या हेडमधून कडेची दोन बोटं रुंद गोल रिंग कापा आणि वर ठेवा. तबल्याची किनार आठवा, कडेला जादा कातड्याचा गोल असतो तोच. सगळ्यात शेवटी टॉवेल.

५. मध्यावर मारा, आणि हळू मारा. सैल हेडला जोरात मारलं तर काठी रुतते आणि आवाज चपटा होतो. जुन्या रेकॉर्डवरचा 'मोठा' आवाज पुष्कळदा हलक्या हाताचा असतो, मोठा तो माइक आणि टेपने केलेला असतो.

आणि एक, ड्रमरच्या खुर्चीवरून हा आवाज कंटाळवाणा वाटतो. पुठ्ठा वाजवल्यासारखा. त्याच खोलीत दहा फूट लांब उभं राहून किंवा बास गिटारसोबत ऐका, तेव्हा तो बसतो. माझ्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये टिश्यू ठेवल्यावर आवाजाची शेपटी निम्म्याहून कमी झाली होती. एक रुपयाचाही खर्च नाही.

मग हा आवाज गेला कुठे, आणि परत आला कसा?

१९८० मध्ये आलेल्या पीटर गॅब्रिएलच्या अल्बमवर काम करताना इंजिनिअर ह्यू पॅजम आणि ड्रमर फिल कॉलिन्स यांना एक राक्षसी आवाज सापडला: मोठी खोली, जबर कंप्रेशन आणि मग आवाज कात्रीने कापल्यासारखा बंद. १९८१ मध्ये कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'ने तो घरोघरी नेला. टॉवेल गुंडाळून ठेवले गेले. त्याच सुमारास लिन एलएम-१ सारखी ड्रम मशीन आली आणि स्नेअर म्हणजे चिपमधला एक नमुना झाला.

जुना आवाज परत आणला हिप-हॉपने. सॅम्पलर घेऊन बसलेली पोरं साठ-सत्तरच्या रेकॉर्डमधून एकेक स्नेअर कापून घेऊ लागली. नंतर २००६ मध्ये एमी वाइनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक'ची काही गाणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डॅपटोन स्टुडिओत, डॅप-किंग्ज या बँडसोबत, जुन्या पद्धतीने टेपवर रेकॉर्ड झाली आणि जगाला पुन्हा कळलं की कोरडी स्नेअर किती जवळची वाटते.

आता मूळ मुद्दा

हे सगळं मी का सांगतोय? कारण 'व्हिंटेज' हा शब्द फार सोयीचा आहे. तो माणूस पुसून टाकतो आणि आवाज ठेवतो.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं घ्या. साठच्या दशकातली तिची कितीतरी हिट गाणी फंक ब्रदर्स नावाच्या वादकांनी वाजवली. पण १९७१ मध्ये मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' येईपर्यंत त्यांची नावं मोटाउनच्या अल्बमवर छापलीच नव्हती. त्यांचा मुख्य ड्रमर बेनी बेंजामिन १९६९ मध्येच गेला. त्याने ते पाहिलंच नाही.

किंवा क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनचा ड्रमर. 'फंकी ड्रमर' या १९७०च्या रेकॉर्डमधला त्याचा छोटासा ड्रम ब्रेक शेकडो गाण्यांत कापून वापरला गेला. गाण्याचा लेखक म्हणून नाव जेम्स ब्राउनचं, त्यामुळे त्या वापराचे पैसे कायद्याने वादकाकडे वळलेच नाहीत. म्हातारपणी त्याला कॅन्सर झाला तेव्हा उपचाराचं बिल प्रिन्स या गायकाने गुपचूप भरलं होतं, हे प्रिन्स २०१६ मध्ये गेल्यानंतर बाहेर आलं. स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला.

सॉफ्टवेअरच्या जगात आम्ही दुसऱ्याचा कोड वापरला तर लायसन्सची फाइल सोबत ठेवतो. कुणी लिहिला, कुठल्या अटीवर दिला, सगळं त्यात असतं. कुणी ती फाइल वाचत नाही, हे खरं. पण ती असते. कुणाला शोधायचंच असेल तर नाव सापडतं. 'मेम्फिस ड्राय' या बटणामागे अशी फाइल नाही. शहराचं नाव आहे, माणसाचं नाही. आणि पॅटर्न लिहिला की त्याला लेखक मिळतो, पण पाकीट कुठे ठेवायचं हे ज्याच्या हाताला कळलं, त्या कळण्याला कुठल्याच कायद्यात जागा नाही.

बटण वापरू नका, असं मी म्हणत नाही. मी रोज वापरतो. पण बीट कुठे टाकला तर खाली एक ओळ लिहायला काय जातं? 'स्नेअरचा आवाज अल जॅक्सनच्या वळणाचा' एवढीच. मी गेल्या काही महिन्यांपासून लिहितोय. एकाने विचारलं, हा कोण? मी त्याला अल ग्रीनची लिंक पाठवली. आता तो स्टॅक्सची सगळी गाणी पहिल्यापासून ऐकतोय.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन गाणी, याच क्रमाने, हेडफोन लावून: 'लेट्स स्टे टुगेदर', 'कम टुगेदर', 'ड्रीम्स'. गायकाकडे दुर्लक्ष करा, फक्त दुसरी आणि चौथी मात्रा ऐका. फटका बसल्यानंतर आवाज किती वेळ टिकतो ते मनात मोजा. आणि जवळपास स्नेअर असेल तर पाकीट ठेवून बघा. फक्त त्यातली चिल्लर आधी काढा, नाहीतर टण्ण घालवायला जाल आणि खुळखुळा हातात येईल.

पुढच्या भागात बेस ड्रम: आत उशी कोंबायची की नाही, यावरून झालेली भांडणं. तोपर्यंत ऐकत राहा. भेटूच!